क्रूझला कुठल्या वयात जावं? कधीही जा, फक्त जहाज वय बघून निवडा

क्रूझ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, डेकवर खुर्च्या टाकून पडलेले रिटायर्ड लोक, डोक्यावर टोपी, हातात जाडजूड पुस्तक. मग तिशीतले म्हणतात म्हातारपणी बघू, लहान मुलंवाले म्हणतात पोरं जरा मोठी होऊ देत, आणि सत्तरीतले म्हणतात आता कुठे झेपतंय, आधीच जायला हवं होतं. थोडक्यात काय तर कोणीच जात नाही.

खरं तर क्लिया म्हणून क्रूझ कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या अलीकडच्या अहवालांत प्रवाशांचं सरासरी वय ४६ च्या आसपास येतं. पण ह्या सरासरीवर जाऊ नका, ती तुमच्या काही कामाची नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर पब्लिक वेगळं असतं, आणि एकाच जहाजाच्या जुलैतल्या आणि नोव्हेंबरातल्या फेरीतसुद्धा वेगळं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की वय बघून क्रूझ रद्द करू नका, वय बघून जहाज आणि तारीख निवडा. ज्यांना क्रूझ बोअर झाली त्यातल्या बऱ्याच जणांनी चुकीच्या जहाजावर पैसे घातलेले असतात.

आधी बघा बरोबर कोण असणार

हे बुकिंगच्या आधीच बऱ्यापैकी कळतं. किती रात्री आहेत ते बघा. ३-४ रात्रींची क्रूझ, त्यात मध्ये वीकेंड आला की तरुण ग्रुप, बॅचलर पार्ट्या, रात्री उशिरापर्यंत म्युझिक. ७ रात्रींच्या क्रूझवर सगळ्या वयाचे लोक असतात. १० ते १४ रात्रींच्या पुढे गेलात की बहुतेक जण रिटायर्ड, साधं कारण म्हणजे नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देणार. आणि ३-४ महिन्यांची वर्ल्ड क्रूझ असते तिथे तर पन्नाशीतला माणूस पोरगा वाटतो.

मग तारीख. शाळांच्या सुट्ट्या म्हणजे पूलमध्ये पाणी कमी आणि पोरं जास्त. ज्यांना शांतता हवी त्यांनी शाळा चालू असतानाची फेरी घ्यावी. आणि एक प्रकार असतो रिपोझिशनिंग क्रूझ म्हणून, हंगाम बदलला की जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवतात, साधारण वसंतात आणि शरदात, त्या वेळी ती रिकामी नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन जातात. समुद्रातच सलग पाच-सहा दिवस, बंदरं कमी, आणि रात्रीच्या हिशोबाने बऱ्याचदा स्वस्त. वाचन, पत्ते, गप्पा आवडणाऱ्यांसाठी झकास, आठ वर्षाच्या मुलासाठी मात्र शिक्षा.

आणि शेवटी जहाज. रॉयल कॅरिबियन कंपनीचं आयकॉन ऑफ द सीज २०२४ पासून चालू झालं, २० डेक, सहा घसरगुंड्यांचा वॉटरपार्क, आणि लहान मुलांच्या फॅमिलींसाठी सर्फसाइड नावाचा वेगळा भागच आहे. आता हे जहाज कोणासाठी बांधलंय हे वेगळं सांगायला नको. उलट टोकाला व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग ह्या कंपन्या, ह्यांच्याकडे १८ च्या खालचं कोणी चढूच शकत नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ ची आर्केडिया आणि अरोरा ही दोन जहाजं फक्त मोठ्यांसाठी आहेत, आणि सागा ही ब्रिटिश कंपनी तर ५० च्या पुढच्यांसाठीच, बरोबरचा जोडीदार ४० च्या पुढचा असला तर चालतो. व्हर्जिन आणि सागा दोन्ही मोठ्यांसाठीच, पण एकीकडे टॅटू काढायचं पार्लर आहे आणि दुसरीकडचा माहोल निवांत, त्यामुळे नुसतं अडल्ट्स ओन्ली वाचून बुक करू नका, फोटो आणि व्हिडिओ बघा, त्यात दिसणारी माणसं कोण आहेत ते बघा.

तान्हं बाळ आणि पोटातलं बाळ

इथे नियम कडक आहेत. बहुतेक मोठ्या कंपन्यांत बाळ निघायच्या दिवशी किमान ६ महिन्यांचं हवं, आणि अटलांटिक किंवा पॅसिफिक ओलांडणारी फेरी असेल किंवा समुद्रात सलग बरेच दिवस असतील तर १२ महिन्यांचं. कारण सरळ आहे, जहाजावर डॉक्टर असतो पण बाळाला काही गंभीर झालं तर किनारा दोन दिवस लांब असू शकतो. बुकिंगच्या दिवशीचं वय कोणी विचारत नाही, निघायच्या दिवशीचं मोजतात, म्हणजे आज ३ महिन्यांचं बाळ असेल तरी चार महिन्यांनंतरची क्रूझ बुक करता येते.

गरोदर असाल तर बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की क्रूझ संपेपर्यंत २४ वा आठवडा लागलेला नको. नीट वाचा, संपेपर्यंत. चढताना २३ आणि उतरताना २४ असेल तर चढू देणार नाहीत. डॉक्टरचं पत्र पण लागतं, किती आठवडे झालेत आणि प्रवासाला हरकत नाही असं लिहिलेलं.

बाळ घेऊन जाणाऱ्यांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो पूलचा. डायपरवालं मूल, अगदी स्विम डायपर असला तरी, मुख्य पूलमध्ये बहुतेक जहाजांवर चालत नाही, पाण्याच्या स्वच्छतेचे नियम आहेत. काही जहाजांवर खास छोट्यांसाठी पाणी उडवायची जागा असते तिथेच जायचं. सगळ्याच जहाजांवर लाइफगार्ड नसतात हे पण लक्षात ठेवा.

केबिन मात्र ह्या वयात थोडी चांगली घ्या, जमलं तर बाल्कनीवाली. बाळ साडेसातला झोपतं आणि मग तुम्ही अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडात बसून राहता, बाल्कनी असली तर निदान दार लोटून बाहेर समुद्र बघत बसता येतं. पण मूल चालायला लागलं असेल तर बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा किंवा केबिन अटेंडंटला सांगून आत घ्या, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली. पाळणा बुकिंग करतानाच मागून ठेवा, संख्या मोजकीच असते. डायपर आणि बाळाचं दूध घरून न्या, जहाजावरच्या दुकानात मिळेल ह्या भरवशावर राहू नका. तासांच्या हिशोबाने पैसे घेऊन बाळं सांभाळणारी नर्सरी काही जहाजांवर असते, डिझ्नीकडे ६ महिने ते ३ वर्षांसाठी आहे, पण जागा पटकन भरतात.

३ ते ११, म्हणजे सोन्याचे दिवस

ह्या वयात किड्स क्लब हा क्रूझचा खरा फायदा. दिवसभर फ्री असतो, फक्त रात्री उशिराच्या तासांना पैसे पडतात. बऱ्याच ठिकाणी अट असते मूल ३ वर्षांचं हवं आणि टॉयलेट ट्रेनिंग झालेलं हवं, कार्निव्हल कंपनीत २ वर्षांपासून घेतात. वयाप्रमाणे गट पाडलेले असतात, त्यामुळे ५ आणि ७ वर्षांची भावंडं वेगवेगळ्या खोलीत जाऊ शकतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर दारातच रडारड. पहिल्या दुपारी क्लब बघायला उघडा असतो तेव्हा सगळ्यांनी मिळून चक्कर मारून या, रजिस्ट्रेशन पण उरकतं. मूल नाहीच म्हणालं तर जबरदस्ती नको, दुसऱ्या दिवशी दुसरी कुठली ॲक्टिव्हिटी असेल तेव्हा परत विचारा, बरेचदा तिसऱ्या दिवसापासून उलटं होतं, जेवायला बोलवायला गेलं तरी बाहेर येत नाहीत.

घसरगुंड्या, सर्फिंग मशीन, क्लाइंबिंग वॉल ह्यांना वयापेक्षा उंचीची अट असते. निघायच्या आधी घरी मुलाची उंची मोजा आणि वेबसाइटवर अट बघा, कारण महिनाभर ज्या स्लाइडचे व्हिडिओ बघितले तिथे दोन सेंटीमीटरसाठी परत पाठवलं की पुढचा अख्खा दिवस तुमचा समजूत काढण्यात जाणार.

सेफ्टी ड्रिल चुकवू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली त्यानंतर नियम बदलले आणि आता जहाज निघायच्या आधी किंवा निघताक्षणीच ड्रिल करावंच लागतं. मुलांच्या हातात बऱ्याच जहाजांवर मनगटपट्टी बांधतात, त्यावर त्यांच्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा नंबर असतो. केबिनमध्ये मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते पहिल्याच दिवशी बघा, नसेल तर लगेच मागा.

टीनएजर्स

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रवासी म्हणजे चौदा वर्षांचं पोर. आजोबांना एक वेळ खुर्ची आणि समुद्र पुरतो, ह्यांना वायफाय नाही म्हटलं की क्रूझ संपली.

टीन क्लब वेगळे असतात, कार्निव्हलमध्ये १२ ते १४ आणि १५ ते १७ असे दोन गट, डिझ्नीकडे ११ ते १४ आणि १४ ते १७. इथे एकच गोष्ट महत्त्वाची, पहिली रात्र. टीनएजर्सचे ग्रुप पहिल्याच संध्याकाळी जमतात आणि नंतर आत शिरणं त्यांना फार जड जातं. त्यामुळे पहिल्या रात्री दमलोय वगैरे काही नाही, त्यांना अर्धा तास तरी तिकडे जाऊ द्या आणि तुम्ही बरोबर जाऊ नका, प्लीज. वायफायचं घरीच ठरवा, रोज किती, कोणाच्या फोनवर. आणि नियम पण घरीच: दुसऱ्यांच्या केबिनमध्ये जायचं नाही, क्रूच्या भागात जायचं नाही, रात्री अमुक वाजता परत. काही कंपन्यांचा स्वतःचाच कर्फ्यू असतो, रात्री १ च्या सुमाराचा, तो सांगायला बरा पडतो, व्हिलन तुम्ही नाही कंपनी होते.

१८ ते २० वाल्यांनी हा भाग नीट वाचा

तुम्ही कायद्याने सज्ञान असाल पण अमेरिकेतून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझवर केबिनमध्ये निदान एक जण २१ किंवा पुढचा लागतो. रॉयल कॅरिबियनमध्ये असंच, कार्निव्हलमध्ये तर २१ च्या खालच्यांबरोबर २५ किंवा पुढचा नातेवाईक किंवा पालक लागतो. युरोप, आशियाकडून सुटणाऱ्या फेऱ्यांना रॉयल कॅरिबियनमध्ये तेच वय १८ वर येतं. दारूचं पण तसंच, अमेरिकेतल्या बंदरातून निघालात तर २१. लग्न झालेल्या जोडप्याला बऱ्याचदा सूट असते पण मॅरेज सर्टिफिकेट दाखवावं लागतं. कॉलेजचे चार मित्र एकोणीस-वीसचे, हौसेने बुकिंग केलं आणि धक्क्यावरून परत पाठवलं, पैसे गेले, हे होतं. म्हणून आधी कुठून सुटतेय ते बघा, मग पैसे भरा.

विशी-तिशीतल्या लोकांना एरवी फार सांगायची गरज नाही. खिडकी नसलेली इनसाइड केबिन घ्या, तिथे फक्त झोपायला तर जायचंय, वाचलेले पैसे बंदरांवर उडवा. ड्रिंक पॅकेज घ्यायच्या आधी रोज किती ग्लास झाले तर परवडतं त्याचा हिशोब करा, बऱ्याच कंपन्यांत एकाच केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना ते घ्यावं लागतं, म्हणजे न पिणाऱ्या मित्राचे पण पैसे गेले.

एकटे जाणार असाल, वय काहीही असो, तर भाडं दोन माणसांच्या हिशोबाने असतं, त्यामुळे एकट्याला कधी कधी जवळजवळ दुप्पट पडतं. नॉर्वेजियन क्रूझ लाइन कंपनीने २०१० मध्ये एपिक जहाजावर एकट्यांसाठी स्टुडिओ केबिन आणि त्यांचा वेगळा लाउंज काढला, नंतर इतरांनीही सिंगल केबिन आणल्या. त्या कमी असतात, लवकर संपतात. जेवायला शेअर्ड टेबल मागा, एकट्याने बुफेत ताट घेऊन खुर्ची शोधण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

साठी-सत्तरीच्या पुढे

वय झाल्यावर क्रूझ सोपी पडते हे खरं आहे, बॅग एकदा उघडली की रोज हॉटेल बदलायचं नाही, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, जेवण दोन मिनिटांवर. पण काही गोष्टी कंपनी स्वतःहून सांगत नाही, त्या विचाराव्या लागतात.

पहिली म्हणजे टेंडर पोर्ट. काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. ती बोट हलत असते, मध्ये पाऊल टाकायचं असतं, गुडघे दुखणाऱ्याला ते जमेलच असं नाही आणि व्हीलचेअर असेल तर बऱ्याचदा नकार मिळतो. बुकिंगच्या आधी प्रत्येक बंदरापुढे टेंडर आहे की डॉक ते बघा, सहापैकी चार टेंडर असतील तर दुसरी फेरी शोधा. आणि डॉक असला तरी भरती-ओहोटीप्रमाणे उतरायचा रॅम्प कधी अगदी चढा होतो.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. लिफ्टजवळ हवी पण लिफ्टच्या अगदी समोर नको, रात्रभर बडबड ऐकू येते. व्हीलचेअर किंवा स्कूटर असेल तर ॲक्सेसिबल केबिन लागते, दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, पण त्या फारच थोड्या असतात म्हणून जमेल तितक्या आधी बुक करा. स्कूटर कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, ती केबिनच्या दारातून आत जाते का त्याचं माप आधी घ्या. कंपनीची व्हीलचेअर बहुतेक फक्त चढताना-उतरताना मिळते, पूर्ण आठवडाभर नाही.

औषधं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनमध्ये कधी संध्याकाळी उशिरा पोचतात, तोपर्यंत दुपारची गोळी राहिली. दोन-चार दिवसांची जास्तीची औषधं घ्या, जहाजाला उशीर होऊ शकतो. इन्सुलिनवाल्यांनी लक्षात ठेवा, केबिनमधला मिनीबार बऱ्याचदा पुरेसा थंड नसतो, औषधांसाठीचा फ्रिज वेगळा मागायचा आणि सुया टाकायचा डबा पण मागायचा, दोन्ही देतात.

जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो आणि तुमचा नेहमीचा आरोग्य विमा तिथे चालेलच असं नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का बघा, म्हणजे हेलिकॉप्टरने किंवा दुसऱ्या मार्गाने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर, कारण तो खर्च भयंकर असतो. आणि बीपी, शुगर, बायपास जे काही असेल ते सगळं फॉर्ममध्ये लिहा. लपवलं तर क्लेम अडकतो.

बोट लागण्याबद्दल एक गमतीशीर गोष्ट, दोन वर्षांच्या आतल्या बाळांना ती क्वचितच लागते, साधारण २ ते १२ वयात सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि म्हातारपणी बऱ्याच जणांचा कमी होतो. पण गोळ्या मात्र म्हाताऱ्यांनी विचारून घ्याव्यात. ह्यातल्या काही औषधांनी ग्लानी येते, तोल जातो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही चालतच नाहीत. स्वतःच्या डॉक्टरला निघायच्या आधी विचारा. त्यापेक्षा शांत पाण्याचा रूट घेतला तर प्रश्नच कमी, नॉर्वेचे फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्या, अलास्काचा इनसाइड पॅसेज हे बऱ्यापैकी आडोशाचे. अंटार्क्टिकाला जाताना ड्रेक पॅसेज हा मोकळा समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि तो खवळलेला असला की चाळिशीतले पण आडवे होतात.

रिव्हर क्रूझ हा पण पर्याय आहे, डॅन्यूब, ऱ्हाइन वगैरे, शंभर ते दोनशेच्या आत माणसं, लाटा नाहीत, शहराच्या मध्यात उतरायचं. पण आरामाची म्हणून आंधळेपणाने घेऊ नका. दगडी रस्त्यांवरून चालायचं असतं, लिफ्ट असली तरी सगळ्यात वरच्या डेकपर्यंत जाईलच असं नाही, आणि कधी कधी तीन-चार जहाजं शेजारी शेजारी बांधतात तेव्हा दुसऱ्या जहाजातून जाऊन किनाऱ्यावर उतरावं लागतं.

झोपेचं एक. पूर्व-पश्चिम लांबची क्रूझ असेल तर घड्याळ रोज सरकतं. क्वीन मेरी २ हे जहाज इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला जातं तेव्हा सात रात्रींत पाच वेळा घड्याळ एक तास मागे करतात, म्हणजे दिवस २५ तासांचा, निवांत. उलट येताना तास कमी होतात आणि ते जाणवतं. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनी जाताना जहाज आणि येताना विमान असं करावं.

अजून एक, ड्रिलच्या वेळी स्टाफला स्पष्ट सांगा की जिने चढता येत नाहीत किंवा कमी ऐकू येतं. खऱ्या संकटात लिफ्ट वापरत नाहीत, त्यामुळे तुम्हाला आणायला कोणी यायचं असेल तर ते त्यांच्या यादीत हवं. आणि हात साबणाने धुवा, नोरोव्हायरस म्हणून जे पोटाचं दुखणं जहाजांवर पसरतं त्याच्यावर नुसतं सॅनिटायझर नीट चालत नाही.

तीन पिढ्या एकत्र

हा सगळ्यात भारी प्रकार आणि भांडणं पण इथेच. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं हा हट्ट सोडा. सकाळ ज्याची त्याची, संध्याकाळचं जेवण एकत्र, एवढा एकच नियम. बुकिंग वेगवेगळी असली तरी कंपनीला सांगून लिंक करून घ्या, म्हणजे जेवायला एकच टेबल मिळतं.

केबिन ॲडजॉइनिंग आणि कनेक्टिंग ह्यात फरक आहे, ॲडजॉइनिंग म्हणजे नुसती शेजारी, कनेक्टिंग म्हणजे मधे दार. लहान मुलं दुसऱ्या केबिनमध्ये असतील तर कनेक्टिंगच हवी. आजी-आजोबांची केबिन मात्र थोडी लांब असू द्या, त्याच डेकवर पण चार दारं सोडून, दोघांनाही बरं. एका केबिनमध्ये तिसरं-चौथं माणूस घालायचं असेल तर उशीर करू नका, लाइफबोटच्या क्षमतेप्रमाणे माणसं मोजतात आणि तान्हं बाळ पण एक माणूस धरतात, त्यामुळे केबिनमध्ये बेड दिसतोय तरी बुकिंग बंद झालेलं असू शकतं.

नातवंडं आई-बाबांशिवाय आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, किंवा आई-बाबांपैकी एकाबरोबरच, तर संमतीपत्र न्या, नोटरी केलेलं असलं तर उत्तम. चेक-इनला विचारू शकतात.

आजी-आजोबांना फुकटची बेबीसिटर समजू नका. त्यांनी पण तिकीट काढलंय. आठवड्यात दोन संध्याकाळी मुलं सांभाळतील असं आधीच विचारून ठरवा, बाकी दिवशी किड्स क्लब आहेच. आणि चाळिशीतले मधले लोक, जे पोरांचे पास आणि आईबाबांची औषधं दोन्ही सांभाळत फिरतात, त्यांनी एक बंदराचा दिवस तरी दोघांनीच उतरावं.

बंदराच्या दिवशी सगळ्यांनी उतरलंच पाहिजे असं काही नाही. सगळं जहाज रिकामं होतं, पूलला गर्दी नाही, स्पाला बऱ्याचदा डिस्काउंट, तोच दिवस आजोबा आणि दीड वर्षाच्या नातीसाठी सगळ्यात चांगला. जे उतरतील त्यांनी फोन विमान मोडवरच ठेवून जहाज सोडायच्या आधी घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवावं, कारण फोन किनाऱ्यावरची वेळ दाखवायला लागतो आणि जहाजाची वेळ कधी कधी वेगळी असते. कंपनीची टूर घेतली असेल तर ते थांबतात, स्वतःच्या टॅक्सीने फिरत असाल तर नाही, म्हणून लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर परत चढायच्या शेवटच्या वेळेच्या दीड-दोन तास आधीच बंदरावर या, कोणाला तरी टॉयलेट लागतंच.